बोटांवर धरायचं ईसीजी यंत्र: १४ महिने वापरल्यानंतर

यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं लांब आणि तिच्या निम्म्या जाडीचं आहे. वर धातूच्या दोन चकत्या. दोन्ही हातांची बोटं त्यांवर टेकवायची, ३० सेकंद गप्प बसायचं, आणि मोबाइलवर हृदयाच्या लयीची पट्टी उमटते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशी यंत्रं आता बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांतल्या बहुतेकांना लागू आहे. आमच्या घरात हे १४ महिने वापरात आहे. पट्टीला माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. पट्टीखाली ते जो निकाल छापतात, त्याला दोन. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण या दोन गोष्टींतला फरक कळला नाही तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

मी ड्राफ्ट्समन होतो. ३४ वर्षं ट्रेसिंग पेपर आणि आलेखाच्या कागदावर काम केलं. डॉक्टरकीतलं मला काही येत नाही, पण मिलिमीटर मोजता येतो.

आधी यंत्र घ्यायची वेळ का आली ते सांगतो. हिचं वय ६७. बीपीसाठी बरीच वर्षं लघवी वाढवणारी गोळी चालू होती. पित्तासाठी रोज सकाळी उपाशीपोटी एक. मधल्या काळात तिचं मन फार खचलं होतं, म्हणून दीड वर्ष एस्सिटालोप्राम. तिन्ही गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, आणि एकेकटी बघितली तर तिन्ही बरोबर. मग छातीत कफ झाला, ताप भरला. एकांनी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं. त्यानं मळमळायला लागलं म्हणून दुसऱ्यांनी डोमपेरिडोन. त्यात जुलाब. चौथ्या रात्री ती पाणी प्यायला उठली, "अहो, अंधारी येतेय" म्हणाली आणि दाराची चौकट धरून खाली बसली. मी पोचेपर्यंत डोळे वर गेले होते आणि हात झटके देत होते. मला वाटलं फिट आली. अर्ध्या मिनिटात ती शुद्धीवर आली आणि विचारायला लागली, मी खाली कशी?

हॉस्पिटलात पहिला ईसीजी काढला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनीही फिटच धरली होती. मॉनिटर लावून ठेवला हे आमचं नशीब. तासाभरात दुसरा झटका आला आणि तो मी पडद्यावर पाहिला. आधी एक ठोका अवेळी पडला, मग थोडी लांब पोकळी, मग एक ठोका, आणि त्याच्या पाठीला चिकटून रेषा सुटलीच. उंच, टोकदार, भराभर. टोकं आधी वर, मग बारीक होत होत मध्यरेषेवर, मग खाली, पुन्हा वर. कागदाची लांब पट्टी दोन्ही टोकांना धरून पिळावी तशी ती रेषा पिळली जात होती. सिस्टर ओरडल्या, दोघं धावत आले, छातीवर शॉक दिला. मग शिरेतून मॅग्नेशियम. तेव्हा मला काहीच कळत नव्हतं, फक्त ते चित्र डोळ्यांत बसलं. आजही हातानं काढून दाखवू शकतो.

दुसऱ्या दिवशी हृदयाच्या लयीच्या डॉक्टर मॅडम आल्या. मी चित्र काढून दाखवलं तेव्हा त्यांनी त्याचं नाव सांगितलं: टॉर्साद द प्वाँत. फ्रेंच नाव, अर्थ टोकांची पिळण. देसेर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ मध्ये ते ठेवलं, एका ८० वर्षांच्या बाईच्या ईसीजीवरून. हृदयाचे खालचे कप्पे या लयीत इतके वेडेवाकडे थरथरतात की रक्त पुढे ढकललंच जात नाही. बऱ्याचदा ती आपोआप थांबते, तेव्हा माणूस चक्कर येऊन पडतो आणि उठतो. थांबली नाही तर तिचं फिब्रिलेशन, म्हणजे खालच्या कप्प्यांची नुसती दिशाहीन थरथर, होऊ शकतं आणि माणूस जातो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीची सुरुवात सारखीच दिसते, आणि मेंदूला रक्त न मिळाल्यानं येणारे झटके फिटसारखे दिसतात.

कारण काय, हा माझा पहिला प्रश्न. एकच कारण सापडेल असं मला वाटत होतं. मॅडमनी आमची गोळ्यांची पिशवी पलंगावर उपडी केली आणि एकेक पाकीट उचलून बाजूला ठेवत गेल्या.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला पुन्हा तयार व्हावं लागतं. त्यासाठी पेशीतलं पोटॅशियम ठरावीक दारांतून बाहेर जातं. हे दार अडलं की तयारीला वेळ लागतो, आणि त्या लांबलेल्या अर्धवट अवस्थेत नवा ठोका ठिणगीसारखा उठू शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन ते दार अडवतं. डोमपेरिडोन अडवतं. एस्सिटालोप्रामही थोडं अडवतं. वर क्लॅरिथ्रोमायसिनमुळे यकृतात डोमपेरिडोनचा निचरा मंदावतो, म्हणजे घेतली एक गोळी पण रक्तात साठतं जास्त. बीपीच्या गोळीनं लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जात होतं, जुलाबांनी आणखी गेलं. पित्ताच्या त्या प्रकारच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. तिचं पोटॅशियम २.७ निघालं, हवं किमान ३.५. आणि रक्तात पोटॅशियम कमी असलं की ते दार आणखीनच अडतं. मला वाटलं होतं की बाहेर कमी असेल तर आतलं उलट पटकन बाहेर जाईल. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना असंच वाटतं, पण या दाराचं वागणं उलटं आहे. शिवाय बाईमाणूस, साठी उलटलेली. बायकांमध्ये हा तयारीचा काळ मुळातच थोडा लांब असतो.

पाच पाकिटं पलंगावर होती. त्यांतलं एखादं कमी असतं तर ती रात्र कदाचित आली नसती.

बाकीची कारणंही त्यांनी गृहीत धरून सोडली नाहीत, आणि याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या घातक लयीचं सगळ्यांत नेहमीचं मूळ म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. हृदयविकाराचा झटका चालू असताना तर ती येऊ शकतेच, पण जुन्या झटक्यानं मागे ठेवलेल्या व्रणाभोवतीही विजेला फिरायला वाट मिळते आणि वर्षांनंतर लय बिघडू शकते. म्हणून अँजिओग्राफी केली. ती स्वच्छ निघाली. स्नायू पातळ झालाय का, जाड झालाय का, हे बघायला इको केला. थायरॉइड तपासलं, कॅल्शियम तपासलं. ठोके फार मंद पडले, वरून खाली जाणारा निरोप मध्येच अडला, तरी हीच पिळण होऊ शकते. देसेर्तेन यांच्या त्या पेशंटला हेच होतं. मेंदूतल्या रक्तस्रावातसुद्धा हा तयारीचा काळ, म्हणजे ईसीजीवरचा क्यूटी, लांबतो, हे मला नवीन होतं.

आणि मग त्यांनी विचारलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? पोहताना? झोपेत? फोनची घंटा किंवा गजर दचकवून वाजल्यावर कोणी बेशुद्ध पडलंय का? मला प्रश्नच विचित्र वाटले. काही घराण्यांत पेशीची अशी दारं जन्मापासूनच अधू असतात. त्याच्या एका प्रकारात पोहण्या-धावण्यानं लय बिघडते, दुसऱ्यात अचानक झालेल्या आवाजानं, तिसऱ्यात विश्रांतीत किंवा झोपेत. औषधांनी उघडं पडलेलं माणूस कधीकधी अशा घराण्यातलं निघतं. म्हणून आमच्या मुलीचा आणि नातीचा ईसीजी काढला. दोघींचे व्यवस्थित आले. नात नऊ वर्षांची आहे आणि पोहायला जाते. तो कागद हातात येईपर्यंतचे दोन दिवस कसे गेले ते माझं मला माहीत.

आता यंत्राकडे येतो. घरी सोडताना मॅडमनी सांगितलं की यातला मोजण्यासारखा आकडा एक आहे, क्यूटी. ठोक्याचा खालच्या कप्प्यांतला पहिला खिळा सुरू होतो तिथपासून मागच्या गोल टेकडीच्या, म्हणजे टी लहरीच्या, शेवटापर्यंतचं अंतर. ठोके जलद असले की ते आपोआप आखूड होतं, म्हणून दुरुस्त करून घ्यायचं. बाझेट यांचं १९२० सालचं सूत्र: क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांच्या वर्गमुळानं भागायचं. बायकांत साधारण ४६० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, ५०० च्या वर गेलं की धोक्याची घंटा. हिचं त्या रात्री ५८० होतं.

हे ऐकल्यावर मला यंत्र घ्यावंसं वाटलं. पट्टी २५ मिलिमीटर दर सेकंदाच्या वेगानं छापलेली असते, म्हणजे एक बारीक चौकट ४० मिलिसेकंदांची. हे तर माझंच काम.

पहिला आठवडा पट्टी धड येईना. हिची बोटं कोरडी, पट्टीवर नुसती दाढीच्या खुंटांसारखी थरथर. बोटं किंचित ओली केली, हात मांडीवर टेकवले, बोलणं बंद केलं, तेव्हा रेषा साफ आली. पण दोन्ही हातांनी काढलेल्या पट्टीत तिची टी लहर इतकी चपटी की शेवट कुठे तेच दिसेना. मॅडमना दाखवल्यावर त्यांनी युक्ती सांगितली. डाव्या हाताच्या जागी यंत्राची ती चकती डाव्या गुडघ्याच्या उघड्या कातडीवर टेकवायची, उजव्या हाताचं बोट दुसऱ्या चकतीवर तसंच ठेवायचं. त्यानं हृदयाकडे दुसऱ्या कोनातून बघितलं जातं. हॉस्पिटलच्या ईसीजीत ज्याला लीड टू म्हणतात, तेच. टेकडी एकदम उठून दिसली. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत हे कुठेही नव्हतं.

शेवट नेमका कुठे धरायचा यावर मी बराच अडखळलो. टी लहर उतरताना रेषेत हळूच मिसळून जाते, आणि पोटॅशियम कमी असलं तर तिच्या मागे आणखी एक बुटकी टेकडी येते, ती मोजायची नसते. मॅडमनी कागदावर पेन्सिलनं दाखवलं: उतार सगळ्यांत तीव्र असेल तिथे स्पर्शिका काढा आणि ती पायाच्या रेषेला जिथे छेदेल तो शेवट. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. निवृत्तीनंतर कपाटात ठेवलेली कंपासपेटी काढली, सेटस्क्वेअर पुसला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी एक पट्टी, तीन ठोके मोजायचे, सरासरी वहीत. दोन ठोक्यांत २० चौकटी, क्यूटी १० चौकटी, म्हणजे ४०० मिलिसेकंद, दुरुस्त केल्यावर ४४७. आठवड्यामागून आठवडे हेच. ही बाजूला बसून विचारते, "अहो, आज किती?" मी म्हणतो दहा. मग ती उठते.

आता दोन तारे का, ते ऐका. पाचव्या महिन्यात तिचं पोट बिघडलं. आम्ही बाहेरगावी लेकीकडे होतो. तिथल्या दवाखान्यात उलट्यांसाठी ऑनडान्सेट्रॉन आणि सोबत लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. दोन्ही क्यूटी लांबवू शकणारी. मी टाळायच्या औषधांची आमची यादी दाखवली होती. त्यांनी ती बघितली, म्हणाले यातलं काहीच मी देत नाहीये. खरंच होतं, ती दोन नावं आमच्या यादीत नव्हती, कारण यादीत फक्त मागच्या वेळची औषधं होती. तिसऱ्या दिवशी तिला गळल्यासारखं झालं. मी पट्टी काढली. २१ चौकटी दोन ठोक्यांत, क्यूटी १२. पुन्हा काढली. बारा. लेकीला मोजायला लावलं, ती म्हणाली, "बाबा, बाराच आहेत." वर्गमुळानं भागून ५२४.

आणि पट्टीखाली हिरव्या पट्ट्यात छापलेलं होतं: लय सामान्य.

खोटं नव्हतं ते. ठोके एकसारखे पडत होते, वेग मधला होता, वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर नव्हती. यंत्राचा निकाल तेवढंच बघतो. क्यूटी तो बघतच नाही. पण घाबरलेल्या माणसाला हिरव्या रंगात सामान्य असं वाचायला मिळालं तर तो फोन खाली ठेवून झोपी जाईल. मी मॅडमना पट्टी पाठवली, त्यांचा दहा मिनिटांत फोन आला: दोन्ही औषधं बंद, आत्ता दवाखान्यात न्या, मॉनिटर लावा, रक्त तपासा. पोटॅशियम ३.१. सलाईनमधून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा साडेदहा चौकटी. पिळण उठलीच नाही या वेळी.

कंपनीला माझं कळकळीचं सांगणं आहे की हिरव्या पट्ट्याखाली एक ओळ छापा: या तपासणीत क्यूटी मोजलेला नाही. एवढीच ओळ. मी दोनदा लिहून पाठवलं, दोन्ही वेळा आभाराचं ठरावीक उत्तर आलं.

बारीकसारीक त्रुटीही आहेत. पट्टी छापताना प्रिंटर पानात बसवण्यासाठी ती आक्रसून टाकतो. चौकटी मोजणाऱ्याला फरक पडत नाही, कारण चौकटीही तितक्याच आक्रसतात, पण कोणी फूटपट्टी लावली तर आकडा चुकीचा, आणि तोही कमी येणार, म्हणजे धोका लपणार. शंभर टक्के आकार निवडून छापा. ॲपमध्ये रेषा गुळगुळीत करायची सोय आहे. माझ्या वहीत ती चालू असतानाचे आणि बंद असतानाचे आकडे अर्ध्या चौकटीनं वेगळे आले, म्हणून मी नेहमी एकाच पद्धतीनं काढतो. बटणासारखा सेल बदलायला सोपा आहे. बाकी तक्रार नाही.

हे यंत्र काय करू शकत नाही, तेही लिहून ठेवतो. हृदयविकाराचा झटका ते ओळखत नाही. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर पट्टी काढत बसू नका, निघा. बेशुद्ध माणसाची बोटं त्यावर टेकवण्यात एक सेकंदही घालवू नका. तिथे छातीवर दाब आणि शॉकचं यंत्र लागतं. जी लय येते आणि जाते, ती पकडायला डॉक्टर दिवसभर अंगावर बांधायचा होल्टर देतात. हे त्याची जागा घेत नाही. आणि घरी मोजलेला क्यूटी हा डॉक्टरांना फोन करायचं कारण आहे, स्वतःहून गोळी बंद करायचं नाही. उदासीवरची गोळी तर अचानक तोडायचीच नसते. हिची मॅडमनी आणि मनाच्या डॉक्टरांनी मिळून हॉस्पिटलात असताना बदलली.

कोणी विचारेल, धडधाकट माणसानं घ्यावं का? माझ्या मते गरज नाही. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ऑनडान्सेट्रॉन जगात असंख्य लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. ज्यांच्या घरात हे एकदा होऊन गेलंय, ज्यांना डॉक्टरांनी क्यूटीवर लक्ष ठेवायला सांगितलंय, त्यांनी जरूर घ्यावं, आणि मोजायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. औषधांचा हा गुण कंपन्यांनाही उशिरा कळला. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीची गोळी याच कारणानं १९९० च्या दशकाच्या शेवटी बाजारातून गेली, साधी शिंका थांबवणारी गोळी.

आमची यादी आता बदलली आहे. नुसती औषधांची नावं लिहून भागत नाही हे लेकीकडे कळलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: औषधांमुळे क्यूटी लांबून टॉर्साद झाला होता, कुठलंही नवीन औषध देण्याआधी क्यूटीवरचा परिणाम तपासा, उलट्या-जुलाब झाल्यास पोटॅशियम-मॅग्नेशियम बघा. खाली मॅडमची सही. एक प्रत हिच्या पर्समध्ये, एक माझ्या पाकिटात, एक लेकीकडे. यंत्राच्या डब्यातही एक घडी करून ठेवली आहे.

परवाच्या रविवारी दहा चौकटी आल्या.